शहराची बस गावापर्यंत यायची, तर तोटा कोणी भरायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. महापालिकेच्या हद्दीपासून तेरा किलोमीटरवर असलेल्या एका गावात सहा वर्षांपासून शहराची परिवहन बस येते. आता परिवहन उपक्रमाने ग्रामपंचायतीला पत्र दिले आहे की, हा मार्ग तोट्यात आहे आणि गाव हद्दीबाहेर आहे, तेव्हा पंचायतीने तोटा भरून द्यावा, अन्यथा पुढच्या तिमाहीपासून बस हद्दीवरच्या नाक्यापर्यंतच येईल. प्रश्नकर्ते स्वतः पंचायतीचे सदस्य आहेत. अशी बस बंद करणे कायद्यात बसते का, तोट्याचा आकडा खरा मानावा का, पैसे द्यायचेच झाले तर ते कोठून आणि कोणत्या अटींवर द्यावेत, असे त्यांनी विचारले आहे. विद्यार्थ्यांच्या पासाबद्दलही एक उपप्रश्न आहे, तो शेवटी घेतो.

मी एका महापालिकेच्या परिवहन उपक्रमात वाहतूक विभागात एकोणतीस वर्षे काढली, त्यांतली शेवटची बारा वेळापत्रक आणि मार्गनियोजनात गेली. आपल्याला आले आहे तसली पत्रे मी स्वतः लिहिलेली आहेत, हे आधीच सांगितलेले बरे. ती लिहिताना काय गृहीत धरले जाते आणि काय सोयीस्करपणे बाजूला ठेवले जाते, हे मला त्यामुळेच ठाऊक आहे.

मूळ अडचण पैशांची कमी आणि जबाबदारीची जास्त आहे. बस ज्या संस्थेची आहे, तिचे मतदार आणि करदाते हद्दीच्या आत राहतात. बसमध्ये बसणारे मात्र दोन्हीकडचे असतात. नगरसेवकाने सभागृहात विचारले, की ‘आमच्या घरपट्टीतून त्यांच्या गावाला बस कशासाठी?’, तर परिवहन व्यवस्थापकाकडे द्यायला उत्तर नसते, कारण त्या खर्चाला मंजुरी देणारा कोणताही लेखी करार त्याच्याकडे नसतो. अनेक मार्ग कोणाच्या तरी शब्दावर, एखाद्या उद्घाटनाच्या निमित्ताने किंवा निवडणुकीच्या तोंडावर सुरू झालेले असतात. तोटा पहिल्या दिवसापासून असतो. तो कोणाचा, हे ठरलेले नसते. आपल्या गावाची बस याच प्रकारात मोडत असावी, असे पत्राच्या भाषेवरून वाटते.

आता कायद्याचे. ७४व्या घटनादुरुस्तीने (१९९२) आलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांची कामे दिली आहेत. तीत पथदिवे, वाहनतळ, स्वच्छतागृहे यांच्या जोडीला बसथांबे आहेत, पण बससेवा नाही. म्हणजे थांबा बांधणे हे नगरसंस्थेचे काम म्हणून घटनेत लिहिलेले आहे, त्या थांब्यावर बस येणे नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातही परिवहन सेवा हे ऐच्छिक काम आहे, आवश्यक नव्हे. जी सेवा हद्दीच्या आतसुद्धा सक्तीची नाही, ती हद्दीबाहेर चालू ठेवण्याची सक्ती आपण महापालिकेवर करू शकणार नाही. तो आग्रह धरून न्यायालयात जाण्यात वर्षे जातील आणि त्या काळात बस नसेल.

तरीही उपक्रमाला वाटेल तेव्हा वाटेल तशी बस तोडता येते, असेही नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे टप्पा वाहतुकीचा, म्हणजे वाटेत थांबत प्रवासी चढवत-उतरवत जाणाऱ्या बसचा, परवाना प्रादेशिक परिवहन प्राधिकरण देते, आणि त्या परवान्यात मार्ग, वेळापत्रक, दिवसाच्या किमान आणि कमाल फेऱ्या अशा अटी घालता येतात. आपल्या मार्गाच्या परवान्याची प्रत आरटीओ कार्यालयातून मागवून घ्या. मार्ग हद्दीवर तोडायचा असेल, तर उपक्रमाने परवान्यात तसा बदल करून घेतला आहे का, हे त्यावरून कळेल. यातून बस कायमची वाचणार नाही, पण बोलणी करायला दोनतीन महिन्यांचा अवधी मिळेल, आणि तोच सध्या उपयोगाचा आहे.

एसटीचा मुद्दाही इथेच येतो. शहराबाहेरच्या बहुतेक रस्त्यांवर महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाचा प्रथम अधिकार मानला जातो, आणि शहराच्या बसला तिथे जायचे तर एसटीच्या हरकतीचा प्रश्न उभा राहतो. २०२१च्या अखेरीस सुरू होऊन २०२२च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या एसटीच्या संपात पुण्याच्या पीएमपीएमएल या शहर बस कंपनीने ग्रामीण भागात बरेच मार्ग सुरू केले. संप मिटल्यावर एसटीने ते बंद करण्याची मागणी केली आणि नोव्हेंबर २०२२मध्ये पीएमपीएमएलने असे मार्ग टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले. नाशिकमध्ये जुलै २०२१मध्ये सिटीलिंक ही महापालिकेची बससेवा सुरू झाली. तिच्या बस हद्दीबाहेर सुमारे वीस किलोमीटरपर्यंत, म्हणजे सिन्नर-त्र्यंबकेश्वरकडेही जातात. त्यापूर्वी त्या शहराची बससेवा एसटीच चालवत होती. तेव्हा एसटीच्या ना हरकतीचे उत्तर प्रत्येक शहरात वेगळे मिळेल. आपल्या गावाला एसटीच्या दिवसाला किती फेऱ्या आहेत, यावर पुढचे बरेच अवलंबून आहे.

यातली एक बाब सहसा कोणी ध्यानात घेत नाही. एसटीत २६ ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे आणि १७ मार्च २०२३पासून महिलांना निम्मे तिकीट आहे. त्या सवलतीची भरपाई राज्य शासन एसटीला करते. महापालिकांच्या बसला ही योजना लागू नाही. एकाच रस्त्यावर पाठोपाठ दोन गाड्या असतील, तर बायाबापड्या साहजिकच लाल गाडीची वाट पाहतात आणि शहर बसचे उत्पन्न घसरते. मग ‘या मार्गाला प्रवासीच नाहीत’ असा शेरा पडतो. प्रवासी असतात, पण ते निम्म्या भाड्याच्या गाडीत बसलेले असतात.

तोट्याच्या आकड्याकडे आता सविस्तर वळतो, कारण सगळी बोलणी या आकड्यावर उभी राहणार आहेत.

परिवहन उपक्रमात प्रत्येक मार्गाचे प्रति किलोमीटर उत्पन्न काढतात, त्याला आम्ही बोलताना ईपीके म्हणतो. त्याच्या शेजारी प्रति किलोमीटर खर्च ठेवला, की तोटा निघतो. हे सोपे वाटते, पण यातला खर्चाचा आकडा संपूर्ण उपक्रमाची सरासरी असतो. त्यात मुख्यालयातल्या लिपिकाचा पगार, निवृत्तांची देणी, जुन्या कर्जाचे व्याज आणि चार वर्षे आगारात उभ्या असलेल्या बंद गाड्यांचा भारही असतो. आपल्या गावाची बस बंद केल्याने यांतला एक रुपयाही वाचत नाही.

हिशेबापुरते सोपे आकडे घेऊ. मार्ग एका बाजूने २२ किलोमीटरचा आहे, त्यातले ९ हद्दीत आणि १३ बाहेर. एक गाडी दोन पाळ्यांत सहा जा-ये फेऱ्या करते, म्हणजे दिवसाला २६४ किलोमीटर. खर्च किलोमीटरला ९० रुपये धरला, तर दिवसाचा खर्च २३,७६०. उत्पन्न किलोमीटरला ४५ धरले, तर ११,८८०. आणि तोटाही तेवढाच, ११,८८०. उपक्रम हा तोटा अंतराच्या प्रमाणात वाटतो आणि २२ पैकी १३ किलोमीटर आपले म्हणून दिवसाला ७,०२० रुपये आपल्याकडे मागतो. कागदावर यात खोट दिसत नाही.

आता तीच बस नाक्यावर थांबवली असे समजा. बाहेरचे दिवसाचे १५६ किलोमीटर वाचले. पण वाचले म्हणजे इंधन, टायर, थोडी दुरुस्ती. ते किलोमीटरला ३० रुपये धरले, तर ४,६८० रुपये. चालक-वाहकाचा पगार तोच राहतो, गाडीचा हप्ता तोच राहतो. उलट बाहेरून थेट मंडईपर्यंत, रुग्णालयापर्यंत, महाविद्यालयापर्यंत येणारा प्रवासी गेला. तो नाक्यावर उतरून दुसरी बस पकडेल, असे वेळापत्रकात लिहिता येते. प्रत्यक्षात तो वडापच्या जीपमध्ये बसतो, कारण जीप त्याला एका बैठकीत पोहोचवते. ११,८८० रुपयांतले ८,००० अशा थेट प्रवाशांचे असतील, तर वाचले ४,६८० आणि गेले ८,०००. मार्ग तोडल्यावर उपक्रमाचा तोटा दिवसाला ३,३२० रुपयांनी वाढला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सुटलेली गाडी आणि सुटलेले कर्मचारी शहरातल्या गर्दीच्या मार्गावर वापरले आणि तिथे किलोमीटरला साठ-सत्तर रुपये मिळाले, तर उपक्रमाचा निर्णय बरोबर ठरतो. गाड्यांची टंचाई असलेल्या उपक्रमात हेच खरे कारण असते, फक्त पत्रात ते लिहीत नाहीत. ठेकेदाराच्या गाड्या किलोमीटरच्या दराने घेतल्या असतील, तर हिशेब आणखी बदलतो, कारण तिथे ठरलेले किमान किलोमीटर गाडी धावो न धावो भरावे लागतात. म्हणून बैठकीत पहिला प्रश्न हा विचारा: नाक्यापुढचे किलोमीटर वाचवून ती गाडी आणि ते चालक-वाहक आपण कोठे लावणार आहात? उत्तर ‘ठरायचे आहे’ असे आले, तर तोट्याचा आकडा मान्य करू नका.

उत्पन्नाच्या बाजूचा एक घोळ मी स्वतः पाहिला आहे. आमच्याकडे हद्दीबाहेर जाणारा एक मार्ग बंद करण्याच्या यादीत होता. ईपीके यादीत तळाला. मला त्या आकड्याचा संशय आला तो एका निवृत्तीला आलेल्या वाहकामुळे. तो वेबिल, म्हणजे दिवसाच्या तिकीटविक्रीचा हिशेब, जमा करताना म्हणाला, ‘साहेब, सकाळच्या गाडीत मला मागच्या दारापर्यंत जाता येत नाही, आणि तुम्ही म्हणता गाडी रिकामी आहे.’ दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी त्या गावच्या पारापाशी जाऊन उभा राहिलो. हातात शंभर पानी वही, डाव्या रकान्यात चढलेले, उजव्यात उतरलेले. दूधवाले, मंडईला निघालेल्या भाजीवाल्या, त्यांच्या पाट्या मागच्या बाकाखाली, आणि पुढच्या दोन थांब्यांवर अकरावी-बारावीची आणि आयटीआयची मुले. नाका येईपर्यंत एकोणसत्तर माणसे गाडीत होती. वाहकाच्या यंत्रात तिकिटे फाटली होती एकवीस. बाकीचे पासवाले.

पासाचे पैसे पास केंद्रावर जमा होतात आणि मुख्यालयाच्या खात्यात दिसतात. ते त्या मार्गाच्या वेबिलात येत नाहीत. वाहकाने पासाची नोंद यंत्रात केली नाही, तर तो प्रवासी हिशेबातून नाहीसाच होतो, आणि एकोणसत्तर माणसांच्या गर्दीत ती नोंद करायला कोणालाही सवड नसते. ज्या मार्गावर विद्यार्थी आणि कामगार जास्त, तो मार्ग कागदावर तितका जास्त तोट्यात. मी चार दिवस मोजणी केली, पासाचे उत्पन्न अंदाजाने त्या मार्गात मिळवले, तर मार्ग यादीच्या तळातून मधोमध आला. तोट्यातून बाहेर आला नाही, हेही सांगतो. तो बंद झाला नाही, दोन दुपारच्या फेऱ्या कमी झाल्या.

आपणही हे करू शकता. चार दिवस पुरतात: एक सोमवार, एक बाजाराचा दिवस, एक साधा दिवस आणि एक रविवार. प्रत्येक फेरीला गाडीत दोन मुले बसवा, कोण कोठे चढले आणि कोठे उतरले, हातात तिकीट होते की पास, एवढेच लिहून घ्या. उतरण्याचे ठिकाण विशेष महत्त्वाचे आहे. गावातून चढलेल्या शंभरांतले नव्वद जण शहरातल्या दुकानांत, दवाखान्यांत, कामावर जात असतील, तर बसचा फायदा फक्त गावाला होतो, हा युक्तिवाद तिथेच संपतो. कोल्हापुरात हद्दवाढीला विरोध करणाऱ्या गावांची केएमटी, म्हणजे तिथल्या महापालिकेची बस, बंद करा, अशी मागणी होत आली आहे. बसचा असा वापर करणाऱ्यांनी एकदा मोजून पाहावे, की त्या गाडीतून उतरणारी माणसे पैसे कोठे खर्च करतात.

इथपर्यंतचा सारांश असा, की बस चालू ठेवण्याची कायदेशीर सक्ती आपल्या हातात नाही, पण तोट्याचा आकडा तपासण्याजोगा आहे, आणि तपासल्यावर तो मागितलेल्या रकमेपेक्षा बहुधा बराच खाली येतो. शून्यावर मात्र येत नाही. शहर बस नफ्यात चालत नाही, कोणाचीच नाही. म्हणून पैशांचे बोलावेच लागेल.

आपल्याकडे या पैशांचे वाटप आजवर वेगवेगळ्या पद्धतींनी झाले आहे. पुण्याची पद्धत कंपनीची. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या पीएमटी आणि पीसीएमटी या दोन सेवा २००७मध्ये एकत्र करून पीएमपीएमएल झाली आणि संचलन तूट पुणे ६० टक्के, पिंपरी-चिंचवड ४० टक्के अशी वाटली गेली. गाडी कोणत्या हद्दीत धावली, याचा रोजचा वाद त्यामुळे मिटला, हे या पद्धतीचे मोठेच यश आहे. पण या दोन्ही हद्दींबाहेरही बस जाते. हिंजवडीचेच पाहा. तिथल्या आयटी कंपन्यांतली माणसे दोन्ही शहरांत राहतात, रस्त्यावरची गर्दी दोन्ही शहरांना छळते, पण हिंजवडी आजही ग्रामपंचायत आहे. तिथला मालमत्ता कर दोन्हींपैकी एकाही महापालिकेला मिळत नाही. म्हणून तुटीत पीएमआरडीएनेही, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानेही, वाटा उचलावा, ही मागणी पुढे आली आणि तिला तत्त्वतः मान्यताही मिळाली. तिकिटातही हद्दीचा विचार दिसतो: १ जून २०२५पासून दोन महापालिकांच्या हद्दीत दिवसाचा पास ७० रुपयांना आहे आणि पीएमआरडीए क्षेत्रासह १५० रुपयांना. साधे तिकीट मात्र अंतराच्या टप्प्यानेच आहे, पाच किलोमीटरपर्यंत १० रुपये आणि पुढे चढत. हे मला योग्य वाटते. हद्द ओलांडली म्हणून साध्या तिकिटात एकदम उडी घेतली, की लोक नाक्याच्या अलीकडच्या थांब्यावर उतरून चालत जातात, आणि उत्पन्न वाढायच्या ऐवजी वाहकाची भांडणे वाढतात.

मुंबई परिसरात उलट चित्र आहे. बेस्ट ही मुंबई महापालिकेची, टीएमटी ठाण्याची १९८९पासून, एनएमएमटी नवी मुंबईची १९९६पासून, आणि या सगळ्या एकमेकींच्या हद्दीत जातात. प्रत्येकीचा तोटा मुख्यतः तिची तिची महापालिका सोसते. ‘मी तुमच्याकडे येतो, तुम्ही माझ्याकडे या’ ही परतफेड दोन्ही बाजूंचे किलोमीटर साधारण सारखे असतील तोवर ठीक चालते. दोन राज्यांच्या एसटींमधले आंतरराज्य करार याच तत्त्वावर असतात, तिथे किलोमीटरची बरोबरी कागदावर बांधलेली असते. आपल्या गावाकडे परतफेडीला द्यायला बस नाही, त्यामुळे हा पर्याय आपल्याला बंद आहे.

आपल्यासाठी उरते ती किलोमीटर विकत घेण्याची पद्धत. उपक्रम गाडी चालवतो, तिकिटाचे पैसे घेतो, आणि हद्दीबाहेर प्रत्यक्ष धावलेल्या किलोमीटरमागे ठरलेली रक्कम बाहेरची संस्था देते. मी स्वतः या पद्धतीच्या बाजूचा आहे. ‘वर्षाचा तोटा भरा’ यात रक्कम वर्षअखेरीस, लेखापरीक्षणानंतर कळते आणि तिच्यावर आपले कसलेच नियंत्रण नसते. उपक्रमाचा कारभार ढिला झाला, की आपले बिल वाढते. किलोमीटरच्या दरात आपण काय विकत घेत आहोत, ते आधी कळते. गाडी आली नाही, तर पैसे नाहीत.

पैसे कोठून, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. एकट्या ग्रामपंचायतीच्या घरपट्टी-पाणीपट्टीतून दिवसाला तीन-चार हजार रुपये उभे राहणे अवघड आहे आणि ते उभे करावेत असे मी म्हणणारही नाही. वित्त आयोगाच्या निधीचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असतो. उरलेल्या अबंधित भागातून असा खर्च चालेल का, हे गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या, तोंडी ‘हो’वर ठराव करू नका, पुढे लेखापरीक्षणात वसुली लागते. आपला परिसर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात असेल, तर पहिला अर्ज तिकडे करावा. बांधकाम परवानगीबरोबर विकास शुल्क तेच घेते. तेरा किलोमीटरच्या पट्ट्यात जी गृहसंकुले उभी राहत आहेत, त्यांचे शुल्क घेणाऱ्याने त्या रहिवाशांच्या बसचा वाटा उचलावा, हे म्हणणे कोणालाही पटते. प्राधिकरण नसेल, तर मार्गावरच्या सर्व ग्रामपंचायतींनी एकत्र ठराव करून जिल्हा परिषद आणि जिल्हा नियोजन समितीकडे जावे. एका गावाच्या निवेदनाची फाईल होते. सात गावांच्या निवेदनाची बैठक होते. रस्त्यावर औद्योगिक वसाहत असेल, तर कारखान्यांशीही बोला, पाळीच्या वेळेची एक फेरी त्यांनी वर्षभरासाठी घेतली तरी पुष्कळ झाले.

रोख रकमेखेरीज देण्यासारखे बरेच असते, आणि गावे ते देऊ करत नाहीत कारण त्याची किंमत त्यांना माहीत नसते. गाडी सकाळी आगारातून रिकामी गावात आणावी लागते आणि रात्री रिकामी परत न्यावी लागते, हे डेड किलोमीटर. गावात गाडी मुक्कामी ठेवायला कुंपणाची जागा, दिवा, चालक-वाहकाला झोपायला पंचायतीची एक खोली, पाणी आणि स्वच्छतागृह दिले, तर दिवसाचे चाळीसेक किलोमीटर वाचू शकतात. वर्षाला काही लाखांची ही गोष्ट आहे. गाडी वळवायला पुरेशी जागा हीसुद्धा देणगीच आहे. बारा मीटरची गाडी देवळापुढच्या चौकात तीन वेळा मागेपुढे करून वळवताना वाहक खाली उतरून शिट्ट्या मारतो, मोटारसायकली बाजूला काढायला लावतो, आणि प्रत्येक फेरीला सात-आठ मिनिटे जातात. सहा फेऱ्यांत पाऊण तास. तेवढ्यात एक फेरी बसवता येत नाही, हे खरे, पण आठ तासांच्या कामाच्या मर्यादेत पाळी बसवताना ते मिनिट-मिनिट अडते आणि शेवटची फेरी कापली जाते.

शेवटच्या फेरीबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण वाटाघाटीत तीच पहिल्यांदा सोडून दिली जाते. रात्री नऊची परतीची गाडी बहुतेक दिवस दहा-बारा माणसे घेऊन येते आणि कागदावर वाईट दिसते. ती बंद केली, की महिन्याभरात संध्याकाळी सहाच्या गाडीचे प्रवासीही घटू लागतात. ज्याला एखाद्या दिवशी उशीर होण्याची शक्यता आहे, तो सकाळीच मोटारसायकल काढतो. त्याला रोज नऊची गाडी नको असते, ती आहे एवढी खात्री हवी असते. पैसे कमी असतील, तर दुपारच्या फेऱ्या सोडा, पहिली आणि शेवटची सोडू नका.

करार करताना मुदत किमान तीन वर्षांची ठेवा. दर किलोमीटरमागे असावा, आणि इंधनाच्या भावाप्रमाणे तो कसा बदलेल याचे सूत्र करारातच लिहावे. धावलेले किलोमीटर गाडीच्या जीपीएस नोंदीवरून मोजावेत आणि ती नोंद आपल्याला दरमहा मिळावी. एका तिमाहीची रक्कम आपण आगाऊ जमा ठेवा, कारण उपक्रमाला सगळ्यात मोठी भीती पैसे बुडण्याची असते आणि आगाऊ रक्कम दिसली की दर खाली येतो. रद्द झालेल्या फेरीचे पैसे कापले जावेत, आणि महिन्यात ठरावीक टक्क्यांहून जास्त फेऱ्या रद्द झाल्या, तर जास्तीचा दंडही असावा. उत्पन्न ठरल्यापेक्षा वाढले, तर आपला दर कमी व्हावा, ही अट आपण घातली नाही तर ती कोणी घालणार नाही. आणि गाव उद्या महापालिकेत गेले, तर करार त्या दिवशी संपेल, हे लिहून ठेवा. पुण्यात २०१७मध्ये अकरा आणि २०२१मध्ये तेवीस गावे आत आली, मग २०२४मध्ये त्यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. हद्द ही बसच्या मार्गापेक्षा लवकर बदलू शकते.

आता पासाचे. हद्दीपर्यंतच चालणारा विद्यार्थी पास घेऊन मुले नाक्यापुढचे तिकीट रोज वेगळे काढतात, असे आपण लिहिले आहे. पासाची हद्द हा उपक्रमाच्या ठरावाचा विषय आहे. महापालिका तिच्या हद्दीतल्या विद्यार्थ्यांसाठी अनुदान देत असेल, तर तो पास बाहेर चालणार नाही, आणि त्यासाठी वाहकाशी भांडून उपयोग नाही. पण संपूर्ण मार्गाचा, वाढीव किमतीचा वेगळा पास काढायला कोणाची आडकाठी नसते. आपल्या चार दिवसांच्या मोजणीत पासवाल्या मुलांची संख्या निघेलच. तो आकडा आणि मुख्याध्यापकांचे पत्र घेऊन वाहतूक व्यवस्थापकांना भेटा, आणि जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आत भेटा, कारण पासाचे दर आणि नमुने मे महिन्यातच छापायला जातात.